ॲबी गेट, २६ ऑगस्ट २०२१: नेमकं काय घडलं आणि किती टाळता आलं असतं?

नकाशेवाला

तालिबानने काबूल घेतल्यावर अमेरिका आणि मित्रदेश विमानतळावरून माणसं बाहेर काढत होते, तेव्हा ॲबी गेट या फाटकाशी इसिसच्या खुरासान शाखेच्या हल्लेखोराने आत्मघातकी स्फोट केला. त्या स्फोटाचा विषय निघाला की इथे दर वेळी तीच तीन वाक्यं येतात. 'दोन स्फोट झाले होते.' 'मागून गोळीबार करून माणसं मारली.' 'स्नायपरला हल्लेखोर दिसला होता, पण वरून परवानगी आली नाही.' पहिलं चूक आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसऱ्यावर अजून भांडण चालू आहे. म्हणून स्वतंत्र धागा काढतोय. राजकारण (बायडन की ट्रम्प) दुसऱ्या धाग्यावर न्या, इथे फक्त जागा, वेळ, माणसं आणि पुरावा.

आधी जागा, कारण ती डोळ्यांसमोर आली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. ॲबी गेट विमानतळाच्या आग्नेय बाजूला. तिथून काही शे मीटरवर बॅरन हॉटेल, ब्रिटिश सैन्य तिथे आपल्या लोकांची कागदपत्रं तपासत होतं. हॉटेल आणि गेट यांना जोडणारा रस्ता, आणि रस्त्याला समांतर काँक्रीटच्या भिंतींचा सांडपाण्याचा नाला. फोटोत लोक गुडघाभर घाणीत उभे राहून कागद उंचावताना दिसतात, तो हाच. नाल्याच्या विमानतळाकडच्या काठावर मरीन (अमेरिकेच्या नौदलाशी जोडलेल्या दलाचे सैनिक) उभे, त्यांच्या पाठीशी तारेचं कुंपण. रस्त्यावर पुढे ब्रिटिशांनी मालवाहू कंटेनर तिरके लावून अडथळा केला होता, त्याला ते 'शेव्हरॉन' म्हणायचे. त्याच्या पलीकडे तालिबानचा पहारा. वीस वर्षं एकमेकांवर गोळ्या झाडणारे आता हाकेच्या अंतरावर उभे राहून एकच गर्दी आवरत होते.

स्फोटाची वेळ ड्रोनच्या चित्रणावरून सेकंदापर्यंत ठरली आहे: संध्याकाळी ५ वाजून ३६ मिनिटं ५२ सेकंद. हल्लेखोर एक, स्फोट एक. स्फोटकं अंदाजे ९ किलो, सोबत ५ मिलिमीटरचे पोलादी छर्रे. अमेरिकेचे १३ जण गेले: ११ मरीन, नौदलाचा एक वैद्यकीय सैनिक, भूदलाचा एक. त्यातले पाच अवघे २० वर्षांचे, म्हणजे हे युद्ध सुरू झालं तेव्हा पाळण्यात असलेले. आणि अफगाण नागरिक सुमारे १७०. हा आकडा 'सुमारे'च राहिला, कारण प्रेतं नाल्यातून काढून हातगाडीवर, टॅक्सीत घालून नेली गेली. तेरांची नावं दगडावर कोरली गेली, १७०ची धड मोजदादही झाली नाही.

साखरभात

धोक्याचा इशारा आदल्या दिवशीच होता ना? २५ तारखेला अमेरिकी वकिलातीने आपल्या नागरिकांना ॲबी, ईस्ट आणि नॉर्थ गेटपासून लगेच दूर जायला सांगितलं होतं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियानेही तेच. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेट उघडं का?

पहारेकरी

कारण 'गेट उघडं' म्हणजे कुलूप काढलेलं फाटक नव्हे. ते एक काम होतं, आणि ते काम हाताच्या अंतरावरूनच होत होतं. क्रम साधारण असा:

१. मरीन काठावरून गर्दीत नजर टाकतो. निळा अमेरिकी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, वकिलातीचं पत्र, ब्रिटिशांचा 'बॅरनला या' असा ईमेल, असं काही दिसतंय का.

२. दिसलं की त्या माणसाला हाताला धरून नाल्यातून वर ओढायचं. अक्षरशः ओढायचं. दुसरा मार्ग नव्हता.

३. भिंतीशी उभं करून अंगझडती.

४. मग आत, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याकडे कागद तपासायला. कागद कमी पडला तर परत बाहेर. कुटुंबातले दोघे पात्र आणि चौघे अपात्र असले तर काय, हा निर्णय तिथेच दहा मिनिटांत.

५. पात्र असेल तर टर्मिनल, यादी, विमान.

आता यात कुठे काय बिघडतं ते बघा. झडती तिसऱ्या पायरीला आहे. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांत न तपासलेला माणूस सैनिकाच्या अंगाला अंग लावून उभा आहे. एरवी तपासणी नाका लावतात तेव्हा झडतीची जागा मुख्य फळीपासून लांब, बाहेर ढकलतात, मध्ये मोकळी जागा आणि आडभिंती ठेवतात, म्हणजे काही झालंच तर नुकसान दोन-तीन माणसांपुरतं राहतं. इथे ते बाहेरचं वर्तुळ तालिबानच्या हाती होतं. ते कोणाला सोडतील, कोणाला चाबकाने परत पाठवतील, याचा भरवसा नाही. शिवाय लोक नाल्याच्या बाजूने कंटेनरला वळसा घालून येत होते, ते वेगळंच.

दुसरं, कागद. परराष्ट्र खात्याने सुरुवातीला ईमेलवर प्रवेशपत्र पाठवलं, त्यावर ना नाव ना कसला क्रमांक. काही तासांत ते व्हॉट्सॲपवरून हजारोंच्या फोनमध्ये. मग फाटकावरच्या पोराला समोर शंभर सारखे स्क्रीन दिसतात. खरा कोण? नवीन खूण ठरवली की तीही फुटते. त्यामुळे एकेका माणसाला लागणारा वेळ वाढला, गर्दी तुंबत गेली.

तिसरं, तुंबलेली गर्दी. चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की कोणी स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही, लाट येईल तसं हलायचं. स्फोटाच्या चार दिवस आधीच ब्रिटिश संरक्षण खात्याने गर्दीत सात अफगाण दगावल्याचं जाहीर केलं होतं. गोळी नाही, बॉम्ब नाही, नुसती चेंगराचेंगरी आणि ऊन.

गेट तिन्हीसांजेपर्यंत चालू राहिलं त्याचं तात्कालिक कारण ब्रिटिश. बॅरनमधून त्यांची माणसं आत आणायची वाट हीच होती. ॲबी बंद केलं असतं तर हॉटेलातले अडकले असते.

खवचट_काका

म्हणजे दोष ब्रिटिशांचा. अमेरिकनांना बरं झालं.

पहारेकरी

काका, दोष असा वाटून संपत नाही. ईस्ट गेट बंद, नॉर्थ गेट आवरेना म्हणून अधूनमधून बंद. जे फाटक चालतं तिकडेच सगळे येणार. नळाला एकच तोटी चालू ठेवली की बादल्या कुठे लागतील?

नकाशेवाला

त्यातच बगरामचा, म्हणजे काबूलच्या उत्तरेकडच्या अमेरिकी हवाई तळाचा मुद्दा येतो, म्हणून थोडक्यात उरकतो. काबूलला एकच धावपट्टी, साडेतीन किलोमीटरची, चहूबाजूंनी वस्ती. बगरामला दोन धावपट्ट्या आणि भोवती मोकळी सुरक्षित जागा. तो तळ अमेरिकेने जुलैच्या सुरुवातीला रातोरात सोडला. मात्र 'बगराम ठेवलं असतं तर सगळं सुरळीत' हेही भाबडं आहे. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे पासपोर्ट हातात घेऊन निघालेल्या कुटुंबाने तालिबानचे किती नाके ओलांडायचे? आणि तळ राखायला वेगळं सैन्य लागलं असतं ते वेगळंच. काबूलला शेवटच्या टप्प्यात अमेरिकेचे जेमतेम ५,८०० सैनिक होते.

तरीही काम किती झालं ते बघा: १७ दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं बाहेर. एका दिवसाचा उच्चांक साडेएकवीस हजारांच्या वर. एका सी-१७ या लष्करी मालवाहू विमानात तर ८२३ माणसं बसवली होती, म्हणजे मांडी घालून, सामानाच्या पट्ट्यांना धरून.

बगरामचा खरा संबंध दुसरा आहे. तिथलं परवान तुरुंग. १५ ऑगस्टला काबूल पडलं त्याच दिवशी तिथले कैदी सुटले, काबूलजवळच्या पुल-ए-चरखी तुरुंगातलेही. हल्लेखोर अब्दुल रहमान अल-लोगारी त्यांतलाच. सुटल्यापासून स्फोटापर्यंत अकरा दिवस.

जखमपट्टी

वैद्यकीय बाजू मी लिहिते, कारण त्यावरच नंतरचा गोळीबाराचा वाद उभा आहे.

अमेरिकेचे १३ मृत आणि ४५ जखमी, मिळून ५८. सगळ्यांच्या अंगावर चिलखत आणि शिरस्त्राण होतं. चिलखताने त्याच्यावर आदळलेले छर्रे अडवलेही. पण चिलखत झाकतं काय? छाती, पाठ, पोटाचा काही भाग. उघडं राहतं ते मान, चेहरा, काख, जांघ, हातपाय. आणि काठावर उभा राहून खालच्या माणसाला वर ओढणाऱ्याची ठेवण आठवा: वाकलेला, दोन्ही हात पुढे, काख उघडी.

हातापायातला रक्तस्राव टूर्निकेटने (आवळून बांधायच्या पट्ट्याने) थांबतो. जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायचं आणि वेळ लिहायची. काखेत, जांघेत, मानेच्या बुंध्याशी टूर्निकेट बसतच नाही. तिथे रक्त गोठवणारी जाळी बोटाने खोलवर ठासून किमान तीन मिनिटं दाब धरावा लागतो, आणि तेवढ्या वेळात तो एक मदतनीस दुसऱ्या कोणाकडे बघू शकत नाही. पन्नासेक जखमी एकदम आले की गणित इथे फसतं. सामान असतं, हात पुरत नाहीत.

त्यात छर्ऱ्यांनी काही सैनिकांजवळच्या अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. म्हणजे वाचवायला धावलेल्यांच्याही डोळ्यांना धारा, श्वास कोंडलेला. जखमींना कुंपणाला पाडलेल्या भोकातून आत ओढलं. विमानतळावर नॉर्वेच्या नेतृत्वाखालचं लष्करी रुग्णालय होतं, तिथे पहिल्या शस्त्रक्रिया, मग विमानाने जर्मनीतलं लांडश्टूलचं अमेरिकी लष्करी रुग्णालय. अफगाण जखमींपैकी बहुतेकांना शहरातच नेलं गेलं. एकट्या 'इमर्जन्सी' या इटालियन संस्थेच्या रुग्णालयात ६०च्या वर. आणि या सगळ्या जखमा सांडपाण्यात भिजलेल्या, म्हणजे नुसतं शिवून भागत नाही, उघड्या ठेवून पुन्हा पुन्हा धुवाव्या लागतात.

४५ हा आकडाही पहिल्या दिवशीचा नाही. तेव्हा तो विशीच्या आत-बाहेर होता. पुढे वाढला तो मुख्यतः मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळे. बाहेरून ओरखडा नाही आणि काही दिवसांनी माणसाला उजेड सहन होत नाही, शब्द सापडत नाहीत.

बातमीचोर

उत्तम प्रतिसाद, ताई. आता गोळीबार.

२६ ऑगस्टच्या रात्री त्या भागातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल मॅकेन्झींनी सांगितलं की दोन आत्मघातकी आणि मागून बंदूकधारी. दुसऱ्याच दिवशी पेंटागॉनने (अमेरिकी संरक्षण खात्याने) दुसरा स्फोट झालाच नसल्याचं मान्य केलं. पहिल्या रात्रीची बातमी सगळीकडे पसरली, खुलासा मागे पडला. 'दोन स्फोट' लोकांच्या डोक्यात राहिले ते तिथून.

बंदूकधाऱ्यांचा दावा अमेरिकी लष्कराच्या फेब्रुवारी २०२२च्या चौकशी अहवालाने काढून टाकला. त्यांचं म्हणणं: स्फोटानंतर ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांनी इशाऱ्यासाठी गोळ्या झाडल्या, त्या कोणाला लागल्या नाहीत. भिंती आणि कंटेनरमुळे आवाज घुमून जास्त वाटला. एप्रिल २०२४ मध्ये सीएनएनने एका मरीनच्या गोप्रो कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्यात स्फोटानंतरच्या चार मिनिटांत किमान ११ वेळा गोळीबार ऐकू येतो. अहवालातल्या दोन-तीन फैरींपेक्षा हे बरंच जास्त. त्याच सुमारास आलेल्या पुरवणी चौकशीने मात्र मूळ निष्कर्ष कायम ठेवला.

खवचट_काका

काबूलच्या डॉक्टरांनी तर गोळ्या काढल्या म्हणून सांगितलं. ते खोटं बोलतात आणि पेंटागॉन खरं?

जखमपट्टी

खोटं कोणीच बोलत नसेल, काका. ५ मिलिमीटरचा गोल छर्रा आत शिरतो तेव्हा त्वचेवरचं भोक आणि बंदुकीच्या गोळीचं भोक नुसत्या डोळ्यांना जवळजवळ सारखं दिसतं. रात्री साठ जखमी एका वेळी तपासणारा 'गोळी' म्हणणारच. फरक करायचा तर एक्स-रे लागतो. छर्रे म्हणजे एकाच मापाचे वाटोळे ठिपके, बहुधा अनेक. रायफलची गोळी लांबट, नाहीतर तुटून शिशाचे बारीक कण मार्गभर विखुरलेले. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा जपून ठेवणं.

अडचण तिथेच आहे. अमेरिकी मृतांचं शवविच्छेदन झालं, अफगाण मृतांचं झालं नाही. ज्यांना गोळी लागल्याचा दावा आहे ते मुख्यतः दुसऱ्या गटात. त्यामुळे 'गोळीने कोणी मेलं नाही' हे अमेरिकी सैनिकांपुरतं ठाम म्हणता येतं. १७० जणांबद्दल तितक्या ठामपणे म्हणायला जो तपास व्हायला हवा होता तो झालेलाच नाही.

खवचट_काका

हे पटलं. पुढे चला.

पहारेकरी

आता स्नायपर. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे एका मरीन स्नायपरने साक्ष दिली. त्याचा एक हात आणि एक पाय या स्फोटात गेला आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी गुप्तचरांच्या इशाऱ्यात हल्लेखोराचं जे वर्णन होतं त्याच्याशी जुळणारा माणूस त्याच्या तुकडीला मनोऱ्यावरून दिसला, गोळी घालायची परवानगी मागितली, स्पष्ट उत्तर मिळालं नाही, माणूस गर्दीत दिसेनासा झाला.

२०२४च्या पुरवणी चौकशीने स्नायपरनी टिपलेल्या त्या माणसाचा फोटो आणि अल-लोगारीचा चेहरा ताडून पाहिला. निष्कर्ष: तो माणूस वेगळा. याने साक्ष देणारा खोटा ठरत नाही. त्याला संशयित दिसला हे खरंच, फक्त तो हा नव्हता.

पण समजा, तोच असता. मनोऱ्यावरून दाट गर्दीतल्या एका माणसावर गोळी घालायची. त्याच्या मागे-पुढे हातभर अंतरावर बायकापोरं. अंगावर बॉम्ब असेल तर गोळीने तो उडू शकतो, नसेल तर तुम्ही एका बापाला मारलं. 'दाढी केलेला, एकटा' अशा वर्णनाची माणसं त्या नाल्यात किती असतील? माझ्या मते परवानगी न मिळणं हा दोष नाहीच. दोष हा, की परवानगी कोण देणार हे त्या क्षणी कोणाला ठाऊक नव्हतं. हो नाहीतर नाही, उत्तर ठरलेल्या माणसाकडून, ठरलेल्या वेळात यायला हवं. ही व्यवस्था फाटकावर असते, नाहीतर नसते.

साखरभात

भारताचा काही संबंध? 'हल्लेखोर दिल्लीत पकडला होता' असं फिरत असतं.

हिंदणवाली

फिरतं ते बिनबुडाचं नाही. खुरासानच्या इसिस शाखेनेच आपल्या प्रचारपत्रात हल्लेखोर आधी भारतात पकडला गेला होता असं लिहिलं. नंतर न्यूयॉर्क टाइम्सनेही छापलं की तो इथे अभियांत्रिकी शिकत होता, २०१७ मध्ये दिल्लीत आत्मघातकी हल्ल्याचा त्याचा बेत सीआयएच्या माहितीवरून भारतीय यंत्रणांनी हाणून पाडला, आणि त्याला अफगाणिस्तानात पाठवून तुरुंगात टाकलं. म्हणजे दिल्लीत वाचलेली माणसं आणि ॲबी गेटवर गेलेली माणसं यांच्यामध्ये परवान तुरुंगाचं एक दार होतं.

आपली सुटका मोहीम, 'ऑपरेशन देवी शक्ती', थोडी वेगळ्या पद्धतीने चालली आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. लोकांना फाटकावर जाऊन उभं राहायला सांगण्याऐवजी शक्यतो एका जागी गोळा करून, बसमध्ये घालून, गट करून आत न्यायचं. राजदूत आणि कर्मचारी १७ ऑगस्टलाच सी-१७ने जामनगरला उतरले. २२ ऑगस्टला १६८ जण दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर. काही जणांना ताजिकिस्तानच्या दुशान्बेमार्गे आणलं, म्हणजे काबूलच्या धावपट्टीवर विमान कमीत कमी वेळ थांबावं. हेही सुरळीत नव्हतं: २१ तारखेला विमानतळाबाहेर सुमारे दीडशे जणांना तालिबानने कागद तपासायला म्हणून नेलं आणि काही तासांनी सोडलं.

कागदांचा घोळ आपल्याकडेही झाला. अफगाणांचे काही पासपोर्ट गहाळ झाल्याच्या बातम्यांनंतर २५ ऑगस्टला गृहखात्याने आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले आणि फक्त ई-व्हिसा चालेल असं जाहीर केलं. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर. पण पुण्यात शिकणारे अनेक अफगाण विद्यार्थी त्या वेळी महामारीमुळे घरी गेलेले होते, हातात चालू व्हिसा होता, तो एका रात्रीत कागदाचा कपटा झाला.

नकाशेवाला

धन्यवाद. हा पुण्याचा भाग कुठे नीट लिहिलेला दिसत नाही, वेगळा धागा काढा.

बातमीचोर

'नंतर काय' हे राहिलं. २७ ऑगस्टला पूर्व अफगाणिस्तानातल्या नंगरहारमध्ये अमेरिकेचा ड्रोन हल्ला. आणि २९ ऑगस्टचा तो काबूलमधला.

२९ तारखेला अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा कोरोलाचा सुमारे आठ तास पाठलाग केला. आदल्या इशाऱ्यांत पांढऱ्या कोरोलाचा उल्लेख होता. काबूलमध्ये पांढरी कोरोला म्हणजे आपल्याकडे पांढरी ॲक्टिव्हा. गाडीवाला एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी. दिवसभर तो सहकाऱ्यांना आणत-सोडत होता, डिकीत डबे भरत होता. वरून ते स्फोटकांचे वाटले. ते पाण्याचे कॅन होते, घरी पाणी येत नाही म्हणून कचेरीतून भरून नेलेले. घराच्या अंगणात गाडी शिरली, मुलं धावत आली, आणि हेलफायर क्षेपणास्त्र सुटलं. दहा ठार, त्यांतली सात मुलं.

पेंटागॉनने आधी 'हल्ला योग्य होता, नंतर दुसरा मोठा स्फोट झाला म्हणजे गाडीत स्फोटकं होतीच' असं सांगितलं. पत्रकारांनी चित्रणं, कचेरीचा कॅमेरा, अंगणाच्या भिंती तपासल्या. मोठ्या दुसऱ्या स्फोटाने भिंत पडायला हवी, ती पडलेली नव्हती. १७ सप्टेंबरला चूक कबूल झाली. शिक्षा कोणालाही नाही.

इथे बिघडलं काय? तीन दिवसांपूर्वी १३ जण गेलेले, दुसरा हल्ला येणारच अशी खात्री, आणि त्या खात्रीतून बघितलं की प्रत्येक डबा बॉम्ब दिसतो. ॲबी गेटवर गर्दीत खरा हल्लेखोर ओळखता आला नाही आणि तीन दिवसांनी मोकळ्या अंगणात खोटा ओळखला गेला.

साखरभात

सूत्रधार सापडला का?

बातमीचोर

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेने सांगितलं की कट आखणाऱ्या म्होरक्याला तालिबाननेच मारलं. मार्च २०२५ मध्ये मोहम्मद शरीफुल्ला याला पाकिस्तानने पकडून दिलं आणि व्हर्जिनियाच्या न्यायालयात उभं केलं. आरोपपत्राला जोडलेलं प्रतिज्ञापत्र नकाशेवाल्यांनी वाचावं असं आहे. त्यानुसार तोही २०१९ पासून तुरुंगात होता, हल्ल्याच्या दोनेक आठवडे आधी सुटला. संघटनेने त्याला मोटरसायकल दिली आणि फोनसाठी पैसे दिले. काम एवढंच: विमानतळाकडे जाणाऱ्या वाटेवर फिरून नाके कुठे आहेत ते बघायचं.

नकाशेवाला

वाचलं. २०२२च्या अहवालात एक वाक्य होतं की हल्लेखोर बहुधा तालिबानचे नाके टाळून दुसऱ्या वाटेने आला. कोणत्या, कसं, काहीच नव्हतं. आता हे जोडून बघा: एक माणूस मोटरसायकलवरून वाट बघून आला आणि त्याने 'रस्ता मोकळा आहे' असा निरोप दिला. प्रतिज्ञापत्रात असंही आहे की हल्लेखोर कोण होता हे त्याला नंतर कळलं, आणि तो त्याच्या तुरुंगातल्या ओळखीचा निघाला.

मूळ नकाशात ती वाट ठिपक्यांनी दाखवतो आणि उद्या टाकतो. नाल्याची पूर्वेकडची बाजू माझ्या जुन्या नकाशात चुकली आहे, तीही दुरुस्त करतो.